नाव आपले, कर्ज दुसऱ्याचे

आज बी-बियाणे, खत, फवारणी यांपैकी कशावरही मी बोलणार नाही. आज बोलायचे आहे ते आपल्या घरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या कागदांवर. सातबारा, आठ-अ, आधार कार्ड, पॅन कार्ड, बँकेचे पासबुक, दोन फोटो. या कागदांची एक-एक झेरॉक्स आपण वर्षभरात किती ठिकाणी देतो, याचा हिशोब कधी मांडला आहे का? मांडून बघा. ठिबकच्या दुकानदाराला दिली, सेवा केंद्रावर पीकविम्याला दिली, कारखान्याच्या गट ऑफिसात ऊस नोंदीला दिली, दूध संकलन केंद्रात दिली, पतसंस्थेत भावाला जामीन राहिलो तेव्हा दिली, मोबाईलच्या सिमकार्डाला दिली. सहज दहा ठिकाणे होतात. त्यातल्या किती ठिकाणी ती झेरॉक्स आजही पडून आहे, हे आपल्यापैकी कुणालाच सांगता येणार नाही.

माझ्या एका मावसभावाची गोष्ट सांगतो. कर्जत तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी. मृगाच्या तोंडावर पीककर्ज मागायला बँकेत गेला. साहेबांनी संगणकात पाहिले आणि म्हणाले, "पाव्हणं, तुमचं सिबिल खराब आहे. मोबाईल फोनचं कर्ज थकलंय तुमच्या नावावर." आमचा भाऊ म्हणाला, "साहेब, माझ्या हातातला हा फोन पोराने वापरून टाकलेला आहे, मी कशाला कर्ज काढू?" चौकशी केली तेव्हा आठवले, दीड वर्षापूर्वी शहरातल्या एका दुकानात तो हप्त्यावर फोन घ्यायला गेला होता. आधार आणि पॅनची झेरॉक्स दिली, फोटो काढू दिला, मोबाईलवर आलेला आकडा सांगितला. हप्ता जास्त वाटला म्हणून फोन न घेताच तो गावी परतला. कागद मात्र तिथेच राहिले. त्या कागदांवर दुसऱ्याच कुणीतरी फोन नेला.

ते नाव साफ करून घ्यायला अडीच महिने गेले. खरीप तोवर थांबतो का? बाजरी आणि तुरीचे बी त्याने हातउसन्या पैशावर टाकले. पीककर्जाला सिबिल मागू नका, असे सरकारने बँकांना वेळोवेळी बजावले आहे, हे खरे. पण काउंटरच्या अलीकडे उभा असलेला माणूस ते कुणाला ऐकवणार?

आता आपण म्हणाल, फोनचे कर्ज म्हणजे पाच-पंधरा हजारांची बाब. मोठ्या रकमेचे उदाहरणही आपल्याच राज्यातले आहे. परभणी जिल्ह्यात गंगाखेडच्या एका खाजगी साखर कारखान्याच्या प्रकरणात २०१७ साली गुन्हा दाखल झाला. तक्रार अशी की, ऊस तोडणी-वाहतुकीच्या योजनेखाली २०१५ साली शेतकऱ्यांच्या नावांवर सहा बँकांमधून सुमारे ३२८ कोटी रुपयांचे कर्ज उचलले गेले, आणि ज्यांच्या नावावर ते उचलले त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. बँकेच्या नोटिसा दारात आल्या तेव्हा कळले. पुढे डिसेंबर २०२० मध्ये सक्तवसुली संचालनालयाने या प्रकरणात सुमारे २५५ कोटींची मालमत्ता जप्त केली. दोष कुणाचा हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे, त्यात मी पडत नाही. मला त्यातली एकच गोष्ट आपल्यासमोर ठेवायची आहे. शेतकऱ्याने कागद दिले होते ते उसाच्या व्यवहारासाठी, आणि तक्रारीप्रमाणे ते वापरले गेले कर्जासाठी. आपला जिल्हा तर साखरेचाच. प्रवरानगरला १९५० साली सहकारी कारखाना उभा राहिला तेव्हापासून उसाच्या नोंदीला कागद देणे आपल्या अंगवळणी पडले आहे. पाथर्डी-शेवगावकडची तोडणीला जाणारी मंडळी तर उचल घेताना मुकादमाच्या हातात आधारची झेरॉक्स ठेवतात आणि पुन्हा तिचे नावही काढत नाहीत.

कागदावरून शेतकरी बुडण्याची गोष्ट आपल्या मुलखाला नवी नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला बाजाराच्या दिवशी दंगा उसळला आणि बघता बघता तो आपल्या पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत या तालुक्यांत पसरला. पाठ्यपुस्तकात त्याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. त्या लोकांनी सावकाराचा जीव घेण्यापेक्षा त्याच्या घरातले रोखे आणि खते बाहेर काढून जाळली. ज्याने मुकाट्याने कागद दिले त्याला बहुतेक ठिकाणी हातही लावला नाही. कारण दुखणे कागदात होते. अक्षरओळख नसलेला कुणबी नांगराची निशाणी करायचा, आणि वर काय लिहिले आहे ते सावकारालाच ठाऊक असायचे.

सरकारने त्यावर चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली शेतकऱ्यांच्या कर्जासाठी एक खास कायदा केला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि आपला नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्या कायद्यात गावनिबंधक नावाचा एक माणूस होता. कर्जाचा कागद त्याच्यासमोर व्हायचा. कर्ज घेणारा माणूस खरोखर तोच आहे ना, याची त्याने आधी खात्री करायची. मग कागद लिहायचा, तो मोठ्याने वाचून दाखवायचा, साक्षीदार घ्यायचे. पैसे फेडले की पावती मागण्याचा हक्क शेतकऱ्याला होता, वर्षाचा हिशोब आणि पासबुक मागण्याचाही हक्क होता. कायदा आता इतिहासजमा झाला आहे. पण मला विचाराल तर आजही कर्जाच्या कागदाबाबत धरायच्या गोष्टी त्याच आहेत. माणूस समोर हवा, कागद वाचून दाखवलेला हवा, पावती हवी आणि वर्षातून एकदा हिशोब बघितलेला हवा.

फरक एवढाच पडला आहे की, तेव्हा रोखा एका सावकाराच्या घरी एका पेटीत असायचा. आज तो शंभर ठिकाणी आहे आणि जाळता येत नाही.

कागद बाहेर गेलेच आहेत, असे धरून चला

'माझा आधार नंबर मी कुणाला दिलेलाच नाही,' असे म्हणणारे काही जण भेटतात. बाबांनो, आपण दिला नसेल, पण तो बाहेर गेलेला असू शकतो. मे २०१७ मध्ये एका अभ्याससंस्थेने दाखवून दिले की, रोजगार हमी आणि पेन्शन यांसारख्या योजनांच्या सरकारी संकेतस्थळांवर सुमारे १३ कोटी लोकांचे आधार क्रमांक उघडे पडले होते. त्यानंतर २०२२ साली तर आपल्याच खात्यातली गोष्ट. पीएम किसानच्या संकेतस्थळाच्या एका भागातून शेतकऱ्यांचे आधार क्रमांक बाहेर दिसत होते, असे एका अभ्यासकाच्या ध्यानात आले. त्या योजनेत सुमारे ११ कोटी शेतकऱ्यांची नोंद होती. त्याने सरकारला कळवले आणि नंतर ते भोक बुजवले गेले. चोर घुसला होता की नव्हता, हा वेगळा प्रश्न. कुंपणाला भगदाड होते, एवढे नक्की.

आणि एवढे लांब तरी कशाला जायचे? मागे आठवडे बाजारात भेळ घेतली, तर भेळेचा कागद म्हणजे कुणाच्या तरी आधार कार्डाची बिघडलेली झेरॉक्स होती. फोटो थोडा काळा आलेला, नंबर मात्र स्वच्छ. झेरॉक्सवाल्याने रद्दीत टाकली, रद्दी भेळवाल्याकडे आली. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. पण बिघडलेली प्रत आपण मागून घ्यायची आणि तिथेच फाडायची, ही सवय आपल्याला लागलेली नाही.

तेव्हा नंबर लपवून आपण वाचू, या भरवशावर राहू नका. नंबर कळला म्हणजे माणूस ओळखला, असे कर्ज देणाऱ्याने समजता कामा नये, आणि आपणही त्याला तसे समजू देऊ नये.

कर्ज देणाऱ्यावर पहिली जबाबदारी आहे. अस्सल कागद पाहणे, समोरच्या माणसाचा चेहरा त्या कागदाशी ताडून पाहणे, पत्ता पाहणे आणि रक्कम कर्जदाराच्याच खात्यात टाकणे हे त्याचे काम. मोबाईलवरून कर्ज देणाऱ्यांसाठी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये नियम घातले. पैसे कर्जदाराच्या बँक खात्यातच गेले पाहिजेत, मधल्या कुणाच्या खात्यात नाहीत. आपल्या मोबाईलमधली नातेवाइकांच्या नंबरांची यादी त्या ॲपने उचलायची नाही. व्याज आणि सगळा खर्च मांडलेला एक कागद आपल्याला समजेल अशा भाषेत आधी द्यायचा. जो कर्ज देणारा 'आधी फोनमधली यादी बघायची परवानगी द्या' म्हणतो, त्याच्या वाटेला जाऊ नका.

गावच्या सोसायटीचे मात्र वेगळे आहे. तिथे गटसचिव आपल्याला नावाने, बापाच्या नावाने ओळखतो. ही सोसायटीची ताकद आहे. कुठल्याही यंत्राला इतकी ओळख पटत नाही. पण तीच तिची दुखरी जागाही आहे. नोकरीच्या काळात मी बरीच दप्तरे तपासली. एका सोसायटीत, नाव सांगत नाही, मयत सभासदाच्या नावाचे कर्ज दोन हंगाम नवे-जुने होत राहिले होते. मुलगा सही करत होता. सचिवाला माहीत होते, संचालकांना माहीत होते. "घरचंच आहे की साहेब," हे मला मिळालेले उत्तर. धाकट्या भावाने आणि बहिणींनी वारसाची नोंद मागितली, तेव्हा बोजा कुणी फेडायचा यावरून ते घर फुटले. बंधूंनो, 'घरचंच आहे' म्हणून दुसऱ्याच्या नावावर सही करू नका आणि आपल्या नावावर करू देऊ नका. भगिनींना तर माझे मुद्दाम सांगणे आहे. बचत गटाच्या किंवा हप्त्याच्या कर्जासाठी शेजारणीने 'तुझं नुसतं नाव दे, हप्ता मी भरते' म्हटले, तरी वसुलीवाला येतो तो तुमच्याच दारात.

अंगठा आणि आकडा

आता अंगठ्याविषयी. पूर्वी अंगठा शाईने कागदावर उठायचा, आता यंत्रावर ठेवतो. कर्जमाफीच्या वेळी आपण सगळ्यांनी तो ठेवला आहे. महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेची पहिली यादी २४ फेब्रुवारी २०२० रोजी लागली, तेव्हा राज्यातल्या ६८ गावांत आपल्या जिल्ह्यातली राहुरी तालुक्यातले ब्राह्मणी आणि नगर तालुक्यातले जखणगाव ही दोन गावे होती. त्या पद्धतीतली एक गोष्ट मला फार पटली होती. यादी चावडीवर लागली, आणि अंगठा ठेवताना नाव व रक्कम बघून मान्य की अमान्य, हे शेतकऱ्याला सांगता येत होते. अमान्य असेल तर तक्रारीला जागा होती. अंगठा असा द्यावा. आधी बघून, मग.

पण आपण काय करतो? सेवा केंद्रावर गर्दी असते, चालक म्हणतो "काका, ठेवा अंगठा," आणि आपण ठेवतो. "नाही उठला, परत ठेवा," म्हणतो, आपण परत ठेवतो. कशासाठी ठेवला हे विचारत नाही. दोनदा अंगठा घेतला तर दोन्ही वेळा पडद्यावर काय आले ते दाखवा म्हणावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. वाचता येत नसेल तर शाळेत जाणारी नात बरोबर न्यावी.

अंगठ्याची नक्कलही होते, हे ऐकून आश्चर्य वाटेल. २०१८ साली तेलंगणात एका माणसाने जमिनीच्या नोंदणी दस्तांवरचे अंगठ्याचे ठसे संकेतस्थळावरून उतरवून घेतले, त्यावरून रबरी ठसे बनवले आणि लोकांच्या नावावर सिमकार्डे चालू केली. नंतरच्या काळात अशाच ठशांनी आधारवर चालणाऱ्या खात्यांतून पैसे काढल्याचे प्रकार इतर राज्यांत घडले. यावर फुकटचा उपाय आहे. आधारच्या अधिकृत ॲपवर किंवा संकेतस्थळावर आपल्या अंगठ्याला कुलूप लावता येते. मग तो कुठल्याच यंत्रावर चालत नाही. रेशन घ्यायचे असेल किंवा सेवा केंद्रावर काम असेल त्या दिवशी तेवढ्यापुरते कुलूप काढायचे. मात्र त्यासाठी आधारला आपला चालू मोबाईल नंबर जोडलेला हवा. अनेकांचा जुना, बंद पडलेला नंबर अजून तिथे आहे. तो बंद नंबर उद्या दुसऱ्याला मिळाला, तर आपले आकडे त्याच्याकडे जातील. हे काम आधी करा. आधार केंद्रावर होते.

मोबाईलवर येणारा तो सहा आकडी नंबर, ज्याला सगळे ओटीपी म्हणतात, तो म्हणजे आपली सही. कोऱ्या कागदावर सही मागितली तर आपण सावध होतो, पण आकडा मात्र फोनवर पटकन वाचून दाखवतो. आता याला जास्तच महत्त्व आले आहे. राज्यात १५ एप्रिल २०२५ पासून शेतीच्या योजनांना शेतकरी ओळख क्रमांक लागू लागला. आपले नाव, आधार आणि गट नंबर त्यात एकत्र गुंफले गेले. दुसरीकडे, बँकेला सातबारा थेट संगणकावर बघता यावा अशी सोय रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ पासून प्रायोगिक म्हणून सुरू केली. सोय चांगली आहे, हेलपाटे वाचतात. पण जिथे शेतकऱ्याला बँकेत न बोलावता कर्ज मंजूर होईल, तिथे त्याची संमती म्हणजे तो एक आकडाच राहील. 'पीएम किसानचा हप्ता अडकलाय, ही फाईल उघडा' असा निरोप व्हॉट्सॲपवर येतो, तो याच आकड्यांवर डोळा ठेवून. सरकार व्हॉट्सॲपवर फाईल पाठवून हप्ता देत नाही.

कागद द्यावा कसा

झेरॉक्स देणे काही टळत नाही. पण कोरी देऊ नका. प्रतीवर तिरपे, फोटोला आणि मजकुराला चाटून जाईल असे लिहा, 'फक्त ठिबक अनुदानासाठी', खाली तारीख, दुकानाचे किंवा कचेरीचे नाव आणि सही. मग ती प्रत फोनच्या कर्जाला चालवणे चोराला जड जाते. नंबर खरोखर लागत नसेल तिथे आधारची झाकलेली प्रत द्या. तीत पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात. आधारच्याच संकेतस्थळावरून ती निघते. सेवा केंद्रावर मोबाईलवरून कागद पाठवला असेल, तर काम झाल्यावर "दादा, आता हे तुमच्याकडनं पुसा," एवढे म्हणा आणि पुसेपर्यंत उभे राहा. जामीन राहिलात, तर ज्या कागदावर सही केली त्याची प्रत घरी आणा.

आणि वर्षातून एकदा आपल्या नावावर काय काय आहे ते तपासा. मी पाडवा धरतो, तुम्ही कुठलाही दिवस धरा. सातबाऱ्याचा नवा उतारा काढा आणि 'इतर हक्क' या रकान्यात अनोळखी बोजा चढलेला नाही ना, ते बघा. सोसायटीत जाऊन आपल्या खात्याचा उतारा मागा. सभासद म्हणून तो आपला हक्क आहे. सातबाऱ्यावर न दिसणारी कर्जे, म्हणजे फोनची, दुचाकीची, हप्त्याची, ती सिबिलसारख्या कंपन्यांच्या अहवालात दिसतात. अशा चार कंपन्या आहेत, आणि प्रत्येकीने आपल्याला वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. 'सिबिल काढून देतो' म्हणून दोन-तीनशे रुपये घेणारे तालुक्याच्या गावी बसलेले असतात. पोराला मोबाईलवर काढायला सांगा.

त्यात आपले नसलेले कर्ज निघाले तर घाबरून गप्प बसू नका, आणि 'थोडीच रक्कम आहे, भरून टाकू' असेही करू नका. भरले म्हणजे आपलेच होते असा अर्थ निघतो. माझ्या मावसभावाला त्याच्या वित्तसंस्थेने तोच सल्ला दिला होता. त्याने मानला नाही, हे बरे केले. अहवाल देणाऱ्या कंपनीकडे आणि कर्ज देणाऱ्या संस्थेकडे लेखी तक्रार करा. ज्या कागदांवर कर्ज दिले ते, सही, फोटो आणि पैसे कुठल्या खात्यात गेले, ते दाखवा म्हणा. मावसभावाच्या प्रकरणात त्या संस्थेकडे असलेली सहीच निराळी होती, तिथे त्यांचे तोंड बंद झाले. तक्रार ३० दिवसांत सोडवायची असते. त्याहून उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, असा नियम एप्रिल २०२४ पासून लागू झाला. पोलीस ठाण्यात अर्ज देऊन त्याची पोच घ्या. पोच नसलेला अर्ज हा अर्ज नव्हे.

ज्याच्याकडून आपली माहिती फुटली त्याने ते आपल्याला कळवावे, असा कायदाही संसदेने २०२३ साली केला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. तो टप्प्याटप्प्याने अंमलात यायचा आहे. आपल्याला पत्र येईल या आशेवर पाडव्याची तपासणी मात्र चुकवू नका.

शेवटी काही नंबर लिहून घ्या. पेन्सिल नसेल तर भिंतीवर कोळशाने लिहा, चालेल. खात्यातून पैसे गेले तर त्याच घटकेला १९३०. हा सायबर फसवणुकीचा नंबर आहे. जितक्या लवकर फोन कराल, तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात अडवण्याची शक्यता जास्त. आधारविषयी काही अडले तर १९४७. बँक किंवा वित्तसंस्था दाद देत नसेल तर रिझर्व्ह बँकेचा १४४४८. सोसायटीची किंवा पतसंस्थेची तक्रार असेल तर आपल्या तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे लेखी अर्ज करायचा, आणि त्याचीही पोच घ्यायची.